झाडं, ऊन आणि गाड्यांचा धूर : शहराच्या हवेत पानं नेमकं काय करतात?

टेकडीकाठ

आमच्या भागात रस्ता रुंद झाला, जुनी झाडं गेली, आणि आता कडेनं नवीन कुठली लावायची याची चर्चा मोहल्ला कमिटीच्या गटावर सुरू आहे. तिथे परवा कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला: 'झाडांमुळे ओझोन वाढतो असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, शहरात झाडं लावणं घातक.' लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, हे सगळं बांधकामवाल्यांनी पसरवलंय. दुसरा म्हणतो, विज्ञान आहे ते, मान्य करा. हवेचं रसायन हा माझा शिकवण्याचा विषय आहे, त्यामुळे गप्प बसवेना. इथे ओझोन म्हणजे आकाशातलं उंचावरचं संरक्षक कवच नव्हे, तर जमिनीलगतच्या हवेतला, श्वासाला बाधणारा ओझोन. त्या फॉरवर्डात अर्धी गोष्ट खरी आहे आणि महत्त्वाची अर्धी गाळली आहे. गटावर एवढं लिहिता येत नाही, म्हणून हा धागा.

आधी खरी अर्धी. झाडं फक्त ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ सोडत नाहीत. पानांतून शेकडो प्रकारची उडून जाणारी कार्बनी संयुगं बाहेर पडतात. त्यातलं सगळ्यात मोठं नाव आयसोप्रीन. पाच कार्बन, आठ हायड्रोजन, एवढासा रेणू. जगभरातली झाडंझुडपं मिळून वर्षाला साधारण ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. मिथेनचे मानवी आणि नैसर्गिक सगळे स्रोत एकत्र केले तरी आकडा याच्याच आसपास येतो. दुसरा गट मोनोटर्पिनांचा: पाइनचा वास, लिंबाच्या सालीचा वास, आंब्याचं पान चुरडल्यावर येतो तो वास.

दोघांत एक मोठा फरक आहे. आयसोप्रीन पानात साठवलेलं नसतं. ऊन पडलं की तयार होतं आणि लगेच बाहेर जातं, अंधार झाला की काही मिनिटांत थांबतं. पाइन किंवा निलगिरीसारख्या झाडांत मोनोटर्पिनं तेलाच्या ग्रंथींत भरून ठेवलेली असतात, त्यामुळे ती रात्रीही झिरपत राहतात. दोन्ही तापमानाबरोबर वाढतात. दहा अंशांनी पारा चढला की आयसोप्रीन दुपटीतिपटीनं वाढतं, आणि पान चाळिशीच्या आसपास तापलं की उत्सर्जन शिगेला पोचतं.

झाड हे का करतं? शोषलेल्या कार्बनपैकी दोनेक टक्के असा उधळून टाकणं परवडणारं नाही, म्हणजे मोबदल्यात काहीतरी मिळत असणार. अमेरिकेतल्या टॉम शार्की यांच्या गटानं दाखवलं की आयसोप्रीन सोडणारी पानं अचानक तापली तरी लवकर सावरतात. उन्हाची तिरीप येते-जाते तेव्हा पानाचं तापमान मिनिटभरात कितीतरी अंशांनी वरखाली होतं. तो मार सोसण्यासाठीची ही तरतूद.

आता गाळलेली अर्धी. जमिनीलगतचा ओझोन कुठल्याच झाडातून किंवा धुराड्यातून बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. इंजिनात उष्णता इतकी असते की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. धुरातून निघतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, त्याचा पुढे नायट्रोजन डायऑक्साइड होतो. दोघांना मिळून नॉक्स म्हणतात. उन्हानं हा डायऑक्साइड फुटतो, एक सुटा ऑक्सिजन अणू मोकळा होतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की झाला ओझोन. पण मागे राहिलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड बनतो. जमाखर्च शून्य. नुसत्या नॉक्सनं ओझोन साठत नाही.

पान मध्ये येतं ते इथे. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय तडफदार मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी जोडला जाणारा रेणूचा तुकडा, असतो. तो आयसोप्रीनवर तुटून पडतो, आणि त्यातून तयार झालेले पेरॉक्सी मूलक नायट्रिक ऑक्साइडचा डायऑक्साइड करून देतात, ओझोन न खर्च करता. म्हणजे ओझोन बनत राहतो, खाल्ला मात्र जात नाही. पेट्रोलची वाफ, रंगातले थिनर, न जळलेलं इंधन हेसुद्धा हेच काम करतात, पण आयसोप्रीनचा वेग त्यांतल्या बहुतेकांपेक्षा खूप जास्त. दुपारच्या उन्हात ते तासा-दोन तासांत संपूनही जातं.

आणि नॉक्स नसेल तर? तर हेच आयसोप्रीन आणि त्याची भावंडं ओझोनलाच खातात. ॲमेझॉनच्या आतल्या भागात, जिथे पानांशिवाय दुसरं काही नाही, तिथे दिवसाही ओझोन अगदी कमी असतो. झाड तेच, रेणू तोच. फरक शेजारून गाड्या जातात की नाही याचा.

हे धोरणात कसं उमटलं ते अटलांटात दिसतं. १९७० आणि ८०च्या दशकांत अमेरिकेत ओझोन कमी करायचा म्हणजे कारखान्यांची, पेट्रोलपंपांची कार्बनी वाफ कमी करायची, असा मुख्य भर होता. अटलांटात ओझोन काही हटेना. १९८८ साली विल्यम शामाइडिस आणि त्यांच्या जॉर्जिया टेकमधल्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये गणित मांडलं: अटलांटाभोवती ओक आणि स्वीटगमची एवढी झाडी आहे की माणसांनी सोडलेली सगळी वाफ उद्या बंद केली तरी ओझोनला लागणारं कार्बनी द्रव्य झाडं पुरवतच राहतील. झाडांना तर नियम लावता येत नाही. मग मुसक्या बांधायच्या त्या नॉक्सच्या. १९९१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालानंही हीच दिशा धरली.

म्हणजे ज्या संशोधनातून 'झाडं ओझोनला हातभार लावतात' हे वाक्य निघालं, त्याच संशोधनाचा निष्कर्ष 'गाड्या आणि वीजकेंद्रांचा धूर कमी करा' असा होता. फॉरवर्डमध्ये पहिलं ठेवलं, दुसरं उडवलं. याची मला मनापासून चीड येते.

साधा_माणूस

छान समजावलंत. माझ्यासारख्यानं असं लक्षात ठेवलं तर चालेल का: दूध म्हणजे पानांची वाफ, ऊन म्हणजे ऊब, आणि नॉक्स म्हणजे विरजण?

टेकडीकाठ

@साधा_माणूस, चालेल, आणि एका अर्थानं फारच नेमकं आहे. नॉक्स या फेऱ्यात लगेच संपत नाही, पुन्हापुन्हा वापरला जातो, त्यामुळे थोडासाही बराच ओझोन करून जातो. फक्त नॉक्स अति झाला की उलट ओझोन दबतो. भर चौकात, जिथे गाड्या सतत उभ्या असतात, तिथे ओझोन कमी आणि शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला जास्त असतो, तो यामुळेच.

पीचट्री

अटलांटाचं नाव वाचून लॉगिन केलं. इथे राहायला आले तेव्हा उन्हाळ्यात 'कोड ऑरेंज' हा शब्द रोज कानावर यायचा: आज दुपारी मुलांना, दमेकऱ्यांना बाहेर जास्त खेळू देऊ नका. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे ते दिवस फार कठीण जायचे. विमानातून उतरताना हे शहर दिसतच नाही, नुसती झाडी दिसते. एवढ्या हिरव्या गावात हवा का बिघडते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची गोष्ट मी सांगते, कारण ती चांगली आहे. वीजकेंद्रांच्या धुराड्यांना नॉक्स काढणारी यंत्रणा बसली, गाड्यांचे नियम कडक झाले, पेट्रोल बदललं. झाडं होती तिथेच आहेत, उन्हाळे तर जास्तच तापले. तरी ओझोन उतरला. २०२२ मध्ये ७० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ७० भाग) २०१५च्या मर्यादेत अटलांटा परिसर बसल्याचं ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेनं मान्य केलं. एकही ओक त्यासाठी पाडावा लागला नाही.

१९९६च्या ऑलिम्पिकच्या वेळचा अभ्यासही प्रसिद्ध आहे. त्या सतरा दिवसांत गाड्या कमी केल्या, ओझोनचा कमाल आकडा सुमारे २८ टक्क्यांनी उतरला आणि दम्याचे तातडीचे रुग्णही कमी झाले.

निम्नगा

@पीचट्री, तुमच्या मुलासाठी शुभेच्छा. त्या ऑलिम्पिकच्या अभ्यासाला मात्र एक शेपूट आहे. २००१चा तो निबंध खूप गाजला, पण २०१० मध्ये त्याची फेरतपासणी झाली. तेव्हा दिसलं की त्या आठवड्यांत आग्नेय अमेरिकेतल्या इतर गावांतही ओझोन तसाच उतरला होता. म्हणजे बराचसा हात हवामानाचा होता, आणि दम्याच्या रुग्णसंख्येतली घटही पुन्हा तपासताना टिकली नाही. सतरा दिवसांच्या आकड्यांवर मी भिस्त ठेवणार नाही. वीस वर्षांची घसरण जास्त बोलकी आहे.

टेकडीकाठ

@निम्नगा, बरं झालं हे मांडलंत. वर्गात मी दोन्ही निबंध एकापाठोपाठ वाचायला देते.

शून्यप्रहर

मला एक खटकतंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडच्या अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली आला आणि ओझोन चढला. लॉस एंजेलिसमध्ये तर रविवारी गाड्या कमी म्हणून ओझोन जास्त, हे कित्येक वर्षं चाललं. मग 'नॉक्स कमी करा' हे उत्तर पुण्या-मुंबईला लागू कसं? भर शहरात नॉक्स आधीच भरपूर असेल तर तिथे नवीन आयसोप्रीन सोडणारं प्रत्येक झाड ओझोन वाढवणारच ना? तुम्ही झाडांच्या प्रेमापोटी हा भाग हळूच पुढे ढकललात.

टेकडीकाठ

प्रश्न रास्त आहे आणि यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

हवेच्या दोन अवस्था असतात. जिथे नॉक्स कमी आणि कार्बनी वाफ भरपूर, तिथे नॉक्स उतरवला की ओझोन उतरतो, अटलांटा त्यातलं. जिथे नॉक्सच उतू जातोय, तिथे तो थोडासा कमी केल्यावर ओझोन आधी चढतो, कारण त्याला खाणारा नायट्रिक ऑक्साइड कमी झालेला असतो. आपल्या शहरांचे मध्यभाग बऱ्याचदा या दुसऱ्या अवस्थेत असतात, आणि तिथे आयसोप्रीनची भर ओझोन वाढवते. हे खरं आहे.

बर्लिनचा दाखला घ्या. गालिना चुरकिना आणि सहकाऱ्यांनी २००६च्या उन्हाळ्याचं गणित २०१७ मध्ये छापलं. त्या उन्हाळ्यात तयार झालेल्या ओझोनपैकी सरासरी १२ टक्के वाटा झाडांच्या वाफेचा, आणि जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत एखाद्या दिवशी तो ६० टक्क्यांपर्यंत गेला. त्यांचं म्हणणं असं की लाखो झाडं लावण्याच्या मोहिमा गाड्यांचा धूर कमी करण्याबरोबर व्हाव्यात, नाहीतर उन्हाळ्यात त्यांचा फायदा निसटतो.

पण नॉक्स अर्धवट कमी केल्यावर ओझोन चढतो म्हणून नॉक्स तसाच ठेवायचा, हा रस्ता कुठेच जात नाही. नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच फुप्फुसाला बाधतो, त्याच्यापासून नायट्रेटचे बारीक कण होतात. लॉस एंजेलिसमध्ये नॉक्स आणि माणसांनी सोडलेली वाफ दोन्ही दशकानुदशकं खाली आणले, तेव्हा ओझोन उतरला. आता तिथे वेगळीच गोष्ट समोर आली आहे. २०२१ च्या जूनमध्ये विमानातून थेट शहरावरचं उत्सर्जन मोजलं, ते काम २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. ओझोन आणि कण बनवण्याच्या क्षमतेत टर्पिन गटातल्या, म्हणजे मोनोटर्पिनं आणि त्यांच्या नात्यातल्या संयुगांचा वाटा सगळ्यात मोठा निघाला, आणि गरमीबरोबर तो वाढत जातो. गाड्यांची वाफ कमी झाली म्हणून झाडांचा वाटा ठळक झाला.

या गटातलं सगळंच झाडांचं नसतं, हेही लक्षात घ्या. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली मोजमाप झालं तेव्हा हवेतल्या मोनोटर्पिनांचा मोठा हिस्सा सुगंधी साबण, फवारे, फरशी पुसायची द्रावणं यांचा निघाला. फरशीच्या लिक्विडची बाटली उघडली की नाकात शिरतो त्याच कुळातला रेणू.

शून्यप्रहर

उत्तर पटलं. 'दोन्ही बरोबर कमी करा' हे मूळ लेखात वरच असायला हवं होतं, एवढंच.

प्रयोगशाळी

झाडाचं आयसोप्रीन कसं मोजतात ते कुणी लिहिलं नाही. मी काही काळ हे काम केलंय, म्हणून सांगतो.

जिवंत फांदीवर टेफ्लॉनची पारदर्शक पिशवी चढवायची आणि देठापाशी सैलसर बांधायची. एका नळीनं आत ओझोन काढून टाकलेली स्वच्छ हवा सोडायची. दुसऱ्या नळीनं बाहेर येणारी हवा शोषक पूड भरलेल्या बोटाएवढ्या पोलादी नळीतून ओढायची. ती नळी प्रयोगशाळेत तापवली की अडकलेली संयुगं सुटतात आणि यंत्रावर एकेक वेगळी दिसतात.

खरी कसरत फांदीची. पिशवी चढवताना पानं जराशी जरी दुमडली, घासली, तरी कापलेल्या गवताचा जो हिरवट वास असतो तीच संयुगं भसकन बाहेर येतात आणि आकडे बिघडतात. म्हणून पिशवी शक्यतो आदल्या दिवशी चढवून फांदीला शांत होऊ द्यायचं. दुपारी पानांनी सोडलेल्या पाण्याच्या वाफेनं पिशवीच्या आतून थेंब धरतात, तेव्हा हवेचा झोत वाढवावा लागतो. ढग आला की आयसोप्रीनचा आकडा लगेच पडतो आणि ऊन आलं की चढतो. ते पडद्यावर बघताना झाड श्वास घेतंय हे पहिल्यांदा खरोखर कळतं. शेवटी ती पानं काढून, वाळवून वजन करायचं. आकडा निघतो तो वाळलेल्या पानाच्या ग्रॅममागे तासाला किती मायक्रोग्रॅम असा.

दिल्लीच्या जेएनयूमधल्या वार्ष्णेय आणि सिंह यांनी २००३ मध्ये भारतातल्या ५१ जातींची अशी मोजणी छापली. सगळ्यात वर शिसू, ८१.५. काही जातींत तर काहीच सापडलं नाही.

पारंबी

@प्रयोगशाळी, फारच उपयोगी. मग कुळावरून झाडाचा अंदाज बांधता येतो का? म्हणजे सगळे ओक असे, सगळे शिरीष तसे?

प्रयोगशाळी

नाही. अमेरिकेतले बहुतेक ओक आयसोप्रीन सोडतात, भूमध्य समुद्राकाठचा सदाहरित होम ओक जवळजवळ फक्त मोनोटर्पिनं सोडतो. एकाच कुळात असा फरक. प्रत्येक जात मोजल्याशिवाय इलाज नाही. आणि ग्रॅममागचा आकडा पाहून घाबरायचं नाही, झाडावर एकूण पानं किती ते धरल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सह्यवेडा

तुम्ही सगळे ओझोनवरच बोलताय. आमच्याकडे धुळीचा आणि पीएम २.५चा त्रास आहे. झाडं धूळ अडवतात हे शाळेपासून शिकलो, तेही चूक का?

निम्नगा

चूक नाही, पण अपेक्षा फुगवलेली आहे. पानांवर धूळ बसते हे रस्त्याकडेच्या कुठल्याही झाडावर बोट फिरवलं की कळतं. पण ती मुख्यतः जाड धूळ. बारीक कणांच्या बाबतीत संपूर्ण शहराचा हिशोब केला तर झाडांनी होणारी घट साधारण टक्काभराच्या आसपास निघते.

आणि जागा महत्त्वाची. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी उंच इमारती, वर झाडांचं छत, अशा ठिकाणी वारा आत उतरत नाही आणि धूर खालीच घोटाळतो. तिथे उंच डेरेदार झाडांपेक्षा रस्ता आणि पदपथ यांच्यामध्ये दाट, जमिनीपासून भरलेलं कुंपण जास्त कामाचं. मोकळ्या, रुंद रस्त्यावर ही अडचण येत नाही.

टेकडीकाठ

निम्नगा म्हणतात ते आणि आणखी एक: पानाच्या रंध्रांतून ओझोन आत शोषलाही जातो. सावलीनं रस्ता, भिंती, उभ्या गाड्यांच्या टाक्या थंड राहतात, त्यामुळे पेट्रोलची वाफ कमी उडते. झाडाची जमेची बाजू ही अशी विखुरलेली असते, एका यंत्रावर दिसत नाही.

पारंबी

माझी काळजी वेगळी आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या सुनावण्यांना मी जाते. १९७५च्या झाडांच्या कायद्यानं नागरिकाला हरकत घ्यायची सोय आहे, तीही मोठ्या कष्टानं वापरावी लागते. उद्या कुणी तोडीच्या अर्जात लिहिलं की 'सदर वृक्ष आयसोप्रीन उत्सर्जित करतो', तर? पिंपळसुद्धा या यादीत आहे असं ऐकते.

टेकडीकाठ

पिंपळ आयसोप्रीन सोडतो, हो. तरीही उभा पिंपळ तोडायला ते कारण होऊ शकत नाही. या वादाला जुना इतिहास आहे. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६० साली 'नेचर'मध्ये डोंगरांवरचा निळसर धूसरपणा झाडांच्या वाफेमुळे असतो असं मांडलं. वीस वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार रोनाल्ड रेगन झाडंच गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात असं जाहीरपणे बोलू लागले. मधल्या काळात विज्ञान फार पुढे गेलं होतं, वाक्य मात्र सोयीपुरतं उचललं गेलं. आपल्याकडे तसं होऊ नये म्हणूनच हे आधी मराठीत नीट लिहून ठेवायचं.

नियम साधा ठेवा: उभ्या झाडाला ही कसोटी लावायची नाही. ती फक्त नव्या लागवडीला, आणि तीही मोठ्या प्रमाणावर एकच जात लावताना. बीजिंगनं ऑलिम्पिकच्या आसपास जी प्रचंड लागवड केली, तिच्यामुळे शहरातल्या झाडांचं उत्सर्जन २००५ ते २०१० या पाच वर्षांत दुप्पट झाल्याचा अंदाज निघाला. बोर्निओत पावसाळी जंगल काढून तेलताड लावला तिथे आयसोप्रीन वाढलं, पण ओझोन चढला नाही, कारण नॉक्स कमी होता. तिथे नॉक्स वाढू दिला तर मात्र चढेल, असा इशारा २००९ च्या अभ्यासानं दिला.

सह्यवेडा

मग हल्ली सगळीकडे बांबू लावा म्हणतात त्याचं काय?

टेकडीकाठ

बांबूच्या अनेक जाती आयसोप्रीन भरपूर सोडतात. शेताच्या बांधावर, डोंगरउतारावर माझी काहीच हरकत नाही. हमरस्त्याच्या दुभाजकावर मैलोन् मैल नुसता बांबू, किंवा नुसती निलगिरी, याला मात्र मी विरोध करेन.

साधा_माणूस

आमच्या सोसायटीत सप्तपर्णी आहेत. ऑक्टोबरात वासानं डोकं उठतं. तोही यातलाच प्रकार का?

टेकडीकाठ

तो फुलांचा वास, त्यात लिनालूल आणि त्याची ऑक्साइडं असतात. तीही टर्पिन कुळातलीच. पण फुलांचं उत्सर्जन काही आठवड्यांचं, पानांच्या मानानं थोडं. पुण्यात ओझोन चढतो तो मुख्यतः मार्च ते मे, तेव्हा सप्तपर्णी फुललेली नसते. डोकं दुखणं खरं आहे, आणि ओळीनं तीच तीच लावली म्हणून ते होतं.

पारंबी

कमिटीत मांडायला थोडक्यात मुद्दे द्याल का? बैठकीत मोठा लेख कुणी वाचत नाही.

टेकडीकाठ

देते. रस्त्यालगत एका जातीची रांग नको, किमान आठदहा स्थानिक जाती मिसळून लावा. शिसू, निलगिरी, बांबू हे वर्दळीच्या रस्त्यापासून लांब, टेकडीकडच्या बाजूला. शाळेच्या भिंतीला लागून दाट कुंपण. नवीन रोपांना पहिले तीन उन्हाळे पाणी कोण देणार त्याची नावं आत्ताच लिहून घ्या. आणि त्याच ठरावात, त्याच कागदावर, चौकात इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या टेम्पो आणि बसगाड्यांना दुसरी जागा द्यावी ही मागणी घाला. झाडांचा ठराव वेगळा आणि गाड्यांचा वेगळा असं करू नका, नाहीतर पहिला मंजूर होतो आणि दुसरा पुढच्या बैठकीला जातो.

ओझोनसाठी आपल्या देशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, तासाला १८०. आपल्या सगळ्यात जवळच्या केंद्राचे एप्रिल-मेचे आकडे कुणी काढून ठरावाला जोडले तर फारच बरं.

निम्नगा

आकडे मी काढते. दुपारी बारा ते रात्री आठ वेगळे काढेन, दिवसभराच्या सरासरीत चढ दिसत नाही.